हृदय थांबण्याआधीचे आठ तास

रुग्णालयात दाखल असताना ज्यांची हृदयक्रिया बंद पडली अशा ६४ रुग्णांचे केसपेपर अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी उलट्या क्रमानं वाचत नेले. १९९० साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ६४ पैकी ५४ जणांच्या, म्हणजे ८४ टक्के रुग्णांच्या नोंदींत शेवटच्या आठ तासांत काहीतरी बिघडल्याचं लिहिलेलं होतं. कोणाचा श्वास वाढला होता, कोणी असंबद्ध बोलू लागलं होतं, कोणी नवीच तक्रार सांगितली होती. चार वर्षांनी आणखी एका अभ्यासात १५० घटना तपासल्या गेल्या. तिथे शेवटच्या सहा तासांत अशा नोंदी ६६ टक्के रुग्णांच्या कागदांवर सापडल्या.

नातेवाईक म्हणतात, ‘आत्ताच तर बोलत होते, अचानक काय झालं?’ त्या अचानकची पूर्वसूचना बहुतेक वेळा केसपेपरवर आधीच उतरलेली असते. ती वेळेत वाचायची कोणी? हे काम आधी मॉनिटरवर सोपवलं गेलं, मग गुणतक्त्यावर, आणि आता संगणकी मॉडेलवर. यंत्राला हे भाकीत जमतं का, हा एक प्रश्न. भाकीत जमलं तर रुग्ण वाचतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी ‘हो’ आहे. घोडं अडतं ते दुसऱ्यावर.

एक खुलासा आधीच करतो. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणं. त्यात हृदय धडधडत असतं आणि रुग्ण बोलत असतो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपिंगच थांबणं. काही सेकंदांत शुद्ध हरपते. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं, पण रुग्णालयातल्या अरेस्टमागे न्यूमोनिया, रक्तात पसरलेला संसर्ग, रक्तस्राव, बिघडलेलं पोटॅशियम अशी हृदयाबाहेरची कारणंही पुष्कळदा असतात. पुढचे आकडे या दुसऱ्या प्रकाराचे आहेत.

हजारात किती?

ब्रिटनमध्ये रुग्णालयातल्या अरेस्टची राष्ट्रीय नोंदवही आहे. वॉर्डातून २२२२ हा अंतर्गत क्रमांक फिरवला आणि पुनरुज्जीवन पथक धावून आलं की त्या घटनेची नोंद होते. २०११ ते २०१३ या काळात १४४ रुग्णालयांतल्या २२,६२८ प्रौढ रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर प्रमाण निघालं दर हजार दाखल रुग्णांमागे १.६. घरी परतले १८.४ टक्के.

अमेरिकेत २००८ ते २०१७ या काळासाठीचा अंदाज वर्षाला सुमारे २,९२,००० प्रौढ रुग्णांचा आहे, म्हणजे हजारामागे नऊ ते दहा. हा सहापट फरक पाहून ब्रिटिश माणसाचं हृदय जास्त मजबूत, असं समजू नये. कुठली घटना मोजायची, आयसीयूमधल्या घटना धरायच्या की नाही, असाध्य आजाराच्या अखेरीला पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करायचा की नाही, याचे दोन्हीकडचे रिवाज वेगळे आहेत. व्याख्या बदलली की आकडा बदलतो. म्हणून एखादी कंपनी ‘आमच्या यंत्रानं अरेस्ट निम्म्यावर आणले’ असं सांगते तेव्हा पहिला प्रश्न ‘मोजले कसे?’ हा विचारावा.

दोन्हीकडचं एक चित्र मात्र सारखं आहे. हृदय एकदा थांबलं की बहुसंख्य रुग्ण घरी जात नाहीत. अमेरिकेतल्या ३७४ रुग्णालयांच्या नोंदींत डिस्चार्जपर्यंत जगण्याचं प्रमाण २००० साली १३.७ टक्के होतं, ते २००९ मध्ये २२.३ टक्क्यांवर आलं. नऊ वर्षांत झालेली ही सुधारणा मोठी आहे, तरी चारांतले तीनहून अधिक रुग्ण तेव्हाही दगावतच होते.

घड्याळाचाही यात वाटा आहे. अमेरिकेतल्याच ८६ हजारांहून अधिक घटनांच्या अभ्यासात दिवसा-संध्याकाळी अरेस्ट झालेल्यांपैकी १९.८ टक्के घरी गेले, रात्री झालेल्यांपैकी १४.७ टक्के. शॉक देऊन सुरू होऊ शकणाऱ्या हृदयांचा वेगळा अभ्यास २००८ मध्ये आला. त्यात ६,७८९ रुग्ण होते. ज्यांना दोन मिनिटांच्या आत शॉक मिळाला त्यांच्यातले ३९.३ टक्के वाचले. ज्यांना त्याहून उशीर झाला त्यांच्यातले २२.२ टक्के. उशीर झालेल्यांचं प्रमाण होतं ३०.१ टक्के, आणि तेही रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आत.

पडद्यावर ताल आहे, मनगटात नाडी नाही

रुग्णाला हृदयाचा मॉनिटर लावला की आपल्याला हायसं वाटतं. हिरवी रेघ धावते आहे, म्हणजे सगळं ठीक. ब्रिटनच्या त्याच नोंदवहीतले दोन आकडे या समजाला धक्का देतात. अरेस्टच्या वेळी शॉकनं सुधारू शकणारा ताल फक्त १६.९ टक्के रुग्णांत होता. ७२.३ टक्के रुग्णांत शॉकचा उपयोगच नव्हता. पहिल्या गटातले ४९ टक्के वाचले, दुसऱ्यातले १०.५ टक्के.

या दुसऱ्या गटात दोन प्रकार येतात. एकात रेघ सपाट होते. दुसऱ्याला पीईए म्हणतात. त्यात हृदयात वीज खेळत असते, पडद्यावर ठोक्यांची नक्षी उमटत असते, पण स्नायू पुरेसा आकुंचन पावत नाही आणि मनगटाला नाडी लागत नाही. ईसीजी वीज मोजतो. रक्त पुढे ढकललं गेलं की नाही, ते त्याला कळत नाही.

त्यामुळे फक्त हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून रुग्णालयातले सगळे अरेस्ट ओळखता येतील, ही अपेक्षा मुळातच जास्त आहे. फुप्फुस थकतं, ऑक्सिजन उतरतो, रक्तदाब ढासळतो आणि शेवटी हृदय हात टेकतं. या साखळीत हृदय शेवटची कडी असते. तरीही आधीच्या कड्या ताणल्या जाताना हृदयाच्या गतीत त्याच्या बारीक खुणा उमटतात, आणि संशोधकांना रस आहे तो त्या खुणांत.

दोन ठोक्यांमधलं अंतर

निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. श्वास आत घेताना ते किंचित जलद चालतं, सोडताना किंचित मंद. मज्जासंस्थेचा एक लगाम त्याला आवरतो, दुसरा दौडवतो, आणि या ओढाताणीत दोन ठोक्यांमधलं अंतर सतत काही मिलिसेकंदांनी बदलत राहतं. शरीर संकटात सापडलं की आवरणारा लगाम सैल पडतो, अंतरं एकसारखी होऊ लागतात. नाडी ‘अगदी नियमित’ लागणं हे अशा वेळी चांगलं लक्षण नसतं.

याचं मोजमाप १९८७ मध्ये ठळकपणे पुढे आलं. हार्ट अटॅकमधून बचावलेल्या ८०८ रुग्णांवर सरासरी ३१ महिने लक्ष ठेवलं गेलं. ज्यांच्या ठोक्यांमधला चढउतार ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी होता, त्यांच्या मृत्यूची जोखीम १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त चढउतार असलेल्यांच्या ५.३ पट निघाली.

तेच मोजमाप रुग्णालयातल्या अरेस्टसाठी सिंगापूरच्या डॉक्टरांनी वापरलं. तातडीच्या विभागात आलेल्या ९२५ गंभीर रुग्णांचा ईसीजी, वय, नाडी, श्वास, रक्तदाब असं सगळं एकत्र करून त्यांनी संगणकाला गुण द्यायला शिकवलं. त्यांपैकी ४३ जणांना, म्हणजे ४.६ टक्क्यांना, पुढच्या ७२ तासांत अरेस्ट झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संगणकाच्या गुणांचा एयूसी ०.७८१ आला, नाडी, श्वास, रक्तदाब यांना हातानं गुण द्यायच्या जुन्या तक्त्याचा ०.६८०.

हा एयूसी पुढेही भेटणार आहे, म्हणून तो समजून घेऊ. दोन रुग्ण घ्या. एकाला अरेस्ट होणार आहे, दुसऱ्याला नाही. मॉडेलनं पहिल्याला जास्त गुण देण्याची शक्यता म्हणजे एयूसी. ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे कधीच न चुकणारा जाणकार. सिंगापूरचं मॉडेल अशा १०० जोड्यांपैकी ७८ वेळा बरोबर ठरलं, तक्ता ६८ वेळा.

ठोक्यांच्या चढउतारावरून भाकीत करण्याचं सगळ्यांत ठोस यश मात्र प्रौढांच्या वॉर्डात मिळालेलं नाही. ते मिळालं दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या नवजात बाळांमध्ये. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं होतं की बाळाच्या रक्तात संसर्ग पसरण्याआधी काही तास हृदयाची गती सपाट होते आणि मधूनच खाली घसरते. त्यावरून एक अंक तयार झाला. पुढच्या २४ तासांत संसर्ग बळावण्याची जोखीम नेहमीच्या किती पट आहे, ते तो दाखवतो. नऊ नवजात आयसीयूंत ३,००३ बाळांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली. निम्म्यांच्या पाळण्याशेजारी हा अंक दिसत राहिला, निम्म्यांचा झाकलेला राहिला. अंक दिसला की काय करायचं, याची सक्ती डॉक्टरांवर नव्हती. २०११ मध्ये निकाल आला. अंक झाकलेल्या गटात मृत्यू १०.२ टक्के, अंक दिसणाऱ्या गटात ८.१ टक्के.

नऊ गुण, आणि एकही घंटा नाही

वॉर्डातल्या प्रौढांसाठी जगभर जास्त चालतो तो कागदी गुणतक्ता. त्याची सुरुवात १९९७ मध्ये इंग्लंडात झाली. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये न्यूज नावाचा राष्ट्रीय तक्ता काढला आणि २०१७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणली. श्वसनगती, रक्तातला ऑक्सिजन, बाहेरून ऑक्सिजन लावला आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप अशा सात गोष्टींना गुण द्यायचे. कमाल बेरीज २०. पाच झाली की तातडीनं डॉक्टर, सात झाली की आणीबाणी.

उदाहरणादाखल एक रुग्ण कल्पू. श्वास मिनिटाला २४, म्हणून २ गुण. ऑक्सिजन ९४ टक्के, १ गुण. तोही बाहेरून ऑक्सिजन लावून, आणखी २. नाडी ११२, २ गुण. वरचा रक्तदाब १०४, १ गुण. ताप ३८.२ अंश सेल्सिअस, १ गुण. पूर्ण शुद्धीवर, शून्य. बेरीज नऊ.

आता हाच रुग्ण मॉनिटरच्या नजरेनं पाहा. नाडी १२० च्या वर, रक्तदाब ९० च्या खाली किंवा ऑक्सिजन ९० च्या खाली गेला तर वाजायचं, अशी मर्यादा त्यात भरून ठेवली असेल, तर यातली एकही मर्यादा ओलांडलेली नाही. घंटा वाजणार नाही. राऊंडला आलेला डॉक्टर एकेक आकडा सुटा पाहील आणि ‘थोडं इकडेतिकडे आहे’ म्हणून पुढे जाईल. सुट्या आकड्यांत न दिसणारा धोका बेरजेत दिसतो, हा या तक्त्याचा सगळा फायदा.

तक्त्याला मर्यादाही आहेत. इंग्लंडातल्या पोर्ट्समथमध्ये ३५,५८५ दाखल रुग्णांच्या १,९८,७५५ नोंदींवर तो तपासला गेला. २४ तासांत मृत्यू ओळखण्याचा एयूसी ०.८९४ आला, अचानक आयसीयूत न्यावं लागण्याचा ०.८५७, आणि अरेस्टचा ०.७२२. तिघांत अरेस्टच सगळ्यांत अवघड.

इथून पुढे संगणक येतो. शिकागोच्या संशोधकांनी पाच रुग्णालयांतल्या २,६९,९९९ रुग्णांच्या नोंदींवर मॉडेल घडवलं. रुग्ण बिघडण्याचे तीन प्रकार एकत्र धरले, तेव्हा त्याचा एयूसी ०.८० आला, न्यूजच्या आधीच्या एका जुन्या तक्त्याचा ०.७०. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये डीप लर्निंगच्या मॉडेलनं फक्त चार गोष्टी घेतल्या: रक्तदाब, नाडी, श्वास, ताप. दोन रुग्णालयांतले ५२,१३१ रुग्ण, एयूसी ०.८५०, जुन्या तक्त्याचा ०.६०३. भाकीत जमतं हे एवढ्यावरून मान्य करायला हरकत नाही.

दुर्मीळतेचं गणित

पण त्याच कोरियन शोधनिबंधात आणखी एक आकडा आहे: ०.०४४. मॉडेलनं दिलेल्या इशाऱ्यांपैकी खरे किती, याचं सगळ्या पातळ्यांवरचं सरासरी माप. ढोबळ अर्थ असा की शंभर इशाऱ्यांत खरे चार-पाच. ०.८५० आणि ०.०४४ हे एकाच मॉडेलचे आकडे आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत. हे कसं?

पाटीवर गणित मांडू. एखादं यंत्र अरेस्ट होणाऱ्या शंभरांतल्या ९० जणांना ओळखतं आणि न होणाऱ्या शंभरांतल्या ९० जणांना योग्य रीतीनं सोडून देतं, असं समजा. जाहिरातीत ‘९० टक्के अचूक’ असं छापून येईल. ब्रिटनचं हजारी १.६ हे प्रमाण धरून १०,००० रुग्णांना ते लावू. अरेस्ट होणारे १६. यंत्र त्यातले १४ पकडेल. न होणारे ९,९८४. त्यांच्यातल्या दहा टक्क्यांवर, म्हणजे ९९८ जणांवर, ते चुकीचा इशारा देईल. एकूण इशारे १,०१२, खरे १४. एका खऱ्या इशाऱ्यासाठी सिस्टरनं ७२ वेळा धावायचं.

हेच यंत्र सिंगापूरच्या गंभीर रुग्णांना लावू. तिथे प्रमाण ४.६ टक्के. १०,००० मध्ये अरेस्ट होणारे ४६०, पकडले ४१४, चुकीचे इशारे ९५४. आता दर तीन-साडेतीन इशाऱ्यांत एक खरा. यंत्र तेच आहे, बदलला तो फक्त रुग्णांचा गट.

शिकागोच्या आकडेवारीतही ही दुर्मीळता दिसते. पावणेतीन लाखांच्या जवळपास रुग्णांत अरेस्ट झाले ४२४, म्हणजे हजारी १.६ च्या आसपास. ब्रिटनच्या नोंदवहीशी हा आकडा जवळजवळ जुळतो. इतक्या विरळ घटनेवर सरसकट पहारा बसवला, तर हाती लागतात त्या मुख्यतः खोट्या घंटा.

खाटेमागे रोज १८७

खोट्या घंटा किती असतात, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पाच आयसीयूंत मोजलं गेलं. ७७ खाटा, ३१ दिवस, ४६१ रुग्ण. मॉनिटरांनी नोंदवलेले इशारे २५,५८,७६०. त्यातले कानाला ऐकू येणारे ३,८१,५६०. दर खाटेमागे रोज १८७, म्हणजे एका खाटेवर पावणेआठ मिनिटांनी एक घंटा. हृदयाचा ताल बिघडल्याचे १२,६७१ इशारे तज्ज्ञांनी एकेक करून तपासले. त्यातले ८८.८ टक्के खोटे निघाले. रुग्ण कुशीवर वळला, छातीवरची चिकटपट्टी सुटली, घाम आला, तरी मॉनिटर वाजतो.

गावात रोज ‘लांडगा आला’ अशी हाळी ऐकू आली की लोक दारं उघडत नाहीत. वॉर्डात तेच होतं, आणि त्यात सिस्टरांचा आळस शोधणं अन्यायाचं आहे. दहातले नऊ इशारे खोटे असतील, तर दहाव्याकडे सावकाश जाणं हा अनुभवातून आलेला शहाणपणाच असतो, फक्त एक दिवस तो जिवावर बेततो. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या रुग्णालय-मान्यता संस्थेकडे जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अलार्मशी संबंधित ९८ दुर्घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या ८० मध्ये रुग्ण दगावला.

यावर उपाय आहे, आणि तो महागडा नाही. बोस्टन मेडिकल सेंटरच्या एका हृदयविकार वॉर्डात आठवड्याला ८७,८२३ घंटा वाजत होत्या. तिथे नाडीच्या मर्यादा व्यवहार्य केल्या आणि ज्या घंटेवर काही करायचंच नसतं तिचा आवाज बंद केला. संख्या ९,९६७ वर आली, म्हणजे ८९ टक्के घट. डेलावेअर राज्यातल्या क्रिश्चियाना केअरनं वेगळं टोक धरलं. मॉनिटर खरोखर कोणाला हवा, याचे अमेरिकन हार्ट असोसिएशनचे निकष संगणकाच्या मागणीपत्रकातच घातले. मॉनिटर लावलेल्या रुग्णांची संख्या ७० टक्क्यांनी घटली, रोजचा खर्च १८,९७१ डॉलरवरून ५,७७२ डॉलरवर आला, आणि रुग्णांना अपाय झाल्याचं दिसलं नाही.

६३ विरुद्ध २६

समजा इशारा खरा निघाला. तरी पुढची पायरी चुकू शकते, आणि याचा धडा हृदयशास्त्रानं फार महाग किमतीला घेतला आहे.

१९६२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी इथे ह्यूज डे या डॉक्टरांनी हृदयरुग्णांसाठी सतत मॉनिटर असलेला स्वतंत्र विभाग उघडला. त्याच सुमारास इतरत्रही असे विभाग निघाले. १९६७ मध्ये किलिप आणि किमबॉल यांनी २५० रुग्णांचा अनुभव मांडला. ज्यांचा रक्तदाब कोसळलेला नव्हता अशा रुग्णांचा मृत्युदर अशा विभागात २६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आला होता. मॉनिटरनं सांगितलं आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसानं लगेच विजेचा शॉक दिला, याचं ते फळ होतं.

मग डॉक्टर एक पाऊल पुढे गेले. अटॅकनंतर मॉनिटरवर मधूनच अवेळी ठोके दिसतात. ज्यांच्यात ते जास्त, त्यांना मरणाचा धोका जास्त, हे निरीक्षण बरोबर होतं. मग औषधानं ते ठोके दाबून टाकावेत, हे ओघानंच आलं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते काम चोख करत होती. पडद्यावरची रेघ स्वच्छ दिसू लागली. शेवटी १,४९८ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. तिचा सविस्तर निकाल १९९१ मध्ये आला. औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू. खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ठोके शांत झाले आणि माणसं अधिक मेली.

म्हणून ‘आमचं मॉडेल इतके तास आधी सांगतं’ एवढ्यावर टाळ्या वाजवू नयेत. सांगितल्यावर काय केलं आणि त्यानं मृत्यू घटले का, हा आकडा मागावा.

फोन कोणाला जातो?

हा आकडा देणारे अभ्यास थोडे आहेत, आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. ऑस्ट्रेलियात २३ रुग्णालयांत मोठी चाचणी झाली. बारा ठिकाणी, रुग्ण बिघडताना दिसला की थेट बोलवायचं तातडीचं पथक नेमलं. अकरा ठिकाणी नेहमीचाच कारभार ठेवला. अरेस्ट, अनपेक्षित मृत्यू आणि अचानक आयसीयूत हलवणं यांचं एकत्र प्रमाण नेहमीच्या रुग्णालयांत हजारी ५.८६ आणि पथकवाल्या रुग्णालयांत ५.३१ निघालं. २००५ मध्ये आलेल्या या निकालातला फरक नोंद घेण्याजोगा नव्हता. पण त्याच अहवालात पुढे लिहिलं आहे की पथक असलेल्या रुग्णालयांत, बोलावण्याचे निकष पूर्ण झालेल्या आणि नंतर आयसीयूत जावं लागलेल्या रुग्णांपैकी फक्त ३० टक्क्यांसाठी पथकाला बोलावणं गेलं होतं. पथक होतं, निकष होते, फोन होता. तो उचलला गेला नाही.

कॅलिफोर्नियातल्या कायझर परमनंटेच्या २१ रुग्णालयांनी हीच गाठ वेगळ्या पद्धतीनं सोडवली. संगणक वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाला दर तासाला गुण देतो आणि पुढच्या १२ तासांतला धोका सांगतो. हा इशारा वॉर्डात वाजत नाही. तो दूर बसलेल्या अनुभवी परिचारिकांच्या गटाकडे जातो. त्या कागदपत्रं पाहतात, खोटा वाटला तर तिथेच थांबवतात, खरा वाटला तर रुग्णालयातल्या तातडीच्या पथकाच्या परिचारिकेला फोन करतात. २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात इशारा पोहोचलेल्या गटात ३० दिवसांतल्या मृत्यूची जोखीम तुलनेच्या गटापेक्षा १६ टक्क्यांनी कमी निघाली. संगणक आणि खाट यांच्यामध्ये एक शहाणा माणूस बसवला, हाच यातला खरा शोध.

तैवानमध्ये इशारा थेट डॉक्टरला गेला, पण निवडक रुग्णांसाठीच. दाखल रुग्णाचा साधा बारा लीडचा ईसीजी संगणकानं वाचायचा आणि धोका फार वाटला तर त्या डॉक्टरला संदेश पाठवायचा. १५,९६५ रुग्ण, ३९ डॉक्टर. २०२४ मध्ये निकाल आला. ९० दिवसांतले मृत्यू संदेश मिळणाऱ्या गटात ३.६ टक्के, न मिळणाऱ्या गटात ४.३ टक्के. ज्यांचा ईसीजी ‘अति धोका’ ठरला होता, त्यांच्यात जोखीम ३१ टक्क्यांनी घटली. ईसीजीचं भाकीत मृत्यू टाळू शकतं, याचा प्रौढांमधला हा सगळ्यांत भक्कम पुरावा.

शंभरातल्या पंचाण्णव खाटा

आता आपल्याकडे पाहू. कोविडच्या सुरुवातीला, २०२० मध्ये, अभ्यासकांनी भारतातल्या रुग्णालयांचा अंदाज बांधला होता. एकूण खाटा सुमारे १९ लाख, आयसीयूच्या ९५ हजार. महाराष्ट्राच्या वाट्याला आल्या २ लाख ३१ हजारांवर खाटा, त्यात आयसीयूच्या साडेअकरा हजार. शंभरात पाच. उरलेल्या पंचाण्णव खाटांवरच्या रुग्णावर चोवीस तास नजर ठेवणारा मॉनिटर आपल्याकडे गृहीत धरता येत नाही. तिथे पहारा असतो तो चार-सहा तासांनी तापमापक आणि रक्तदाबाचा पट्टा घेऊन फिरणाऱ्या सिस्टरचा.

तैवानसारखं मॉडेल विकत घेण्याआधी या पंचाण्णव खाटांवर काय करता येईल? आकडे त्याचंही उत्तर देतात. १९९३ मध्ये अमेरिकेत एका अभ्यासात दिसलं की वॉर्डातल्या रुग्णाचा श्वास मिनिटाला २७ च्या वर जाणं ही ७२ तासांतल्या अरेस्टची पूर्वखूण ठरते. शिकागोच्या संगणकानं पावणेतीन लाख रुग्ण चाळून जी लक्षणं सर्वांत वजनदार ठरवली, त्यात श्वसनगती पहिल्या क्रमांकावर होती, नाडी तिच्या मागे. आणि केसपेपरवर सगळ्यांत निष्काळजीपणे लिहिला जाणारा आकडा हाच. रांगेनं १८, १८, २०, १८. कोणी मोजलेलंच नसतं.

तेव्हा माझा निवाडा साधा आहे. ज्या रुग्णालयात श्वास मोजला जात नाही, सातावर गुण गेल्यावर रात्री दोन वाजता कोणी यायचं हे ठरलेलं नाही, तिथे भाकीत करणारं यंत्र आणणं म्हणजे भिंत पडलेली असताना कळस रंगवणं. आधी मोजणी, मग प्रतिसादाची जबाबदारी, मग यंत्र. हा क्रम उलटा केलेल्यांचे आकडे वर दिलेच आहेत.

वाचकांसाठीही यात काम आहे. तुमचं माणूस वॉर्डात असेल तर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट त्याची छाती किती वेळा वर येते, ते मोजा. त्याला सांगू नका. सांगितलं की श्वास बदलतो. १२ ते २० ठीक. २५ किंवा अधिक, अथवा ८ किंवा कमी आले, किंवा माणूस एकाएकी गोंधळल्यासारखं बोलू लागला, तर न्यूजच्या तक्त्यात त्या एकट्या गोष्टीला कमाल ३ गुण असतात, आणि एकाच गोष्टीला ३ गुण म्हणजे डॉक्टरांनी तातडीनं येऊन पाहायचं असतं. इंग्लंडात नातेवाइकांच्या काळजीकडे दुर्लक्ष होऊन मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये दगावली. त्यानंतर २०२४ पासून तिच्या नावाचा नियम तिथल्या रुग्णालयांत लागू होऊ लागला. रुग्ण बिघडतोय असं वाटलं तर घरच्यांनी वेगळ्या पथकाला थेट बोलवायचं. आपल्याकडे असा नियम नाही. म्हणून सिस्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाहीये’ असं मोघम म्हणू नका. ‘मिनिटाला अठ्ठावीस श्वास मोजले, अर्ध्या तासापूर्वी बावीस होते’ असं सांगा, आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.